कोंबड्यांच्या पायाखालची जमीन

परसात दहाबारा कोंबड्या पाळाव्यात असा विचार एखाद्या कुटुंबात सुरू झाला, म्हणजे पहिली चर्चा होते ती जातीची. हैदराबादच्या संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा किंवा ग्रामप्रिया आणावी, बंगळुरूची गिरिराज आणावी, काळ्या मांसाची झाबुआची कडकनाथ आणावी, की शेजारच्या गावातून गावठी तलंगा आणाव्यात, यावर घरातील प्रत्येकाचे काही ना काही मत असते. त्यानंतर खुराड्याचा विचार होतो, मग कुंपणाच्या जाळीचा आणि शेवटी खाद्याचा. परंतु या पक्ष्यांचे पाय दिवसभर ज्या जमिनीवर पडणार, त्या जमिनीवर काय असावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जमीन आहे तशी आहे, असे समजून आपण पुढे जातो. मात्र पहिल्या पावसाळ्यात जी पिले एकामागून एक मान टाकतात, त्यांच्या मृत्यूचे मूळ पुष्कळदा याच न विचारलेल्या प्रश्नात सापडते.

वाचकहो, दहा कोंबड्यांचे मोल पैशात फार मोठे नसेल. तथापि ज्या घरात त्या असतात तेथे मुलांच्या ताटात रोज एक अंडे पडते, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने पडतात. आणि उरलेल्या अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येतात. हे लहानसे उत्पन्न एका ओल्या आठवड्यात नाहीसे होऊ शकते. म्हणून कोंबड्यांच्या पायाखालच्या जमिनीची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

बहुतेकांच्या मनातील चित्र हिरवळीचे असते. हिरवेगार गवत, त्यावर टिपत हिंडणाऱ्या पांढऱ्या-तांबड्या कोंबड्या, असे चित्र कॅलेंडरावर शोभून दिसते. त्यामुळे नवे आवार तयार झाले की कोणी हरळी लावतो, कोणी रोपवाटिकेतून हिरवळीचे तयार चौकोन आणून अंथरतो. महिन्या-दीड महिन्यात तेथे गवताची काडीही उरत नाही, आणि मग दोष कधी गवताला, कधी मातीला, तर कधी कोंबड्यांच्या जातीला दिला जातो. वस्तुतः दोष या तिघांचाही नसतो. येथे थोडे गणित मांडून पाहू.

दहा पूर्ण वाढीच्या कोंबड्या आणि त्यांच्यासाठी दहा फूट लांब, दहा फूट रुंद असे आवार आहे असे धरा. म्हणजे प्रत्येक पक्ष्याला दहा चौरस फूट जागा मिळाली. परसाच्या मानाने ही काही कमी नव्हे. एक कोंबडी दिवसाकाठी शंभर ग्रॅम किंवा त्याहून अधिक ओली विष्ठा टाकते. दहांची मिळून ती किमान एक किलो होते. त्यातील निम्मी रात्री खुराड्यात पडते असे मानले, तरी वर्षाला सुमारे १८० किलो विष्ठा या शंभर चौरस फुटांवर येते. तिच्यात नत्र फक्त १ टक्का धरला तरी तो पावणेदोन किलोंच्या वर जातो. हेच प्रमाण एकराला लावून पाहिले तर ते जवळजवळ ८०० किलो भरते. गव्हासारख्या पिकाला आपण एकरी ५० किलोंच्या आसपास नत्र देतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बिचाऱ्या हरळीवर पंधरा-सोळा पट खत ओतले जात आहे हे दिसून येते. इतक्या खताने कोणतेही गवत फोफावत नाही, ते करपते.

दुसरे कारण कोंबडीच्या पायात आहे. गाय-बैल गवत चरतात तेव्हा ते वरचा भाग तोडतात. गवताचा वाढीचा कोंब अगदी मुळाशी असतो आणि हरळीचे तर जमिनीखाली सरपटणारे खोडही असते. त्यामुळे चरल्यानंतरही ते पुन्हा वाढते. कोंबडी मात्र आधी कोवळी पाती टिपते आणि मग दोन्ही पायांनी मागे माती ओढीत नेमका तोच कोंब उघडा पाडते. किडा, अळी किंवा बी मिळेल या आशेने ती दिवसातून हजारदा हे करते. तो तिचा स्वभावधर्म आहे.

हा स्वभाव कोठून आला हे पाहिले तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. हिमालयाच्या पायथ्याच्या अरण्यांपासून ईशान्य भारतापर्यंत आणि पुढे आग्नेय आशियात तो आजही आढळतो. आपल्या सह्याद्रीतील करडा रानकोंबडा हा त्याचा भाऊबंद. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले की पाळीव कोंबडीच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. तेव्हा युरोप-अमेरिकेतील पिवळ्या पायांच्या कोंबड्याही आपल्याकडील अरण्याची एक खूण अंगावर वागवीत आहेत असे म्हणण्यास हरकत नाही. सांगण्याचा मुद्दा असा की हे दोन्ही पक्षी कुरणातले नाहीत, झाडीतले आहेत. बांबूच्या बेटाखाली, साग-सालाच्या सावलीत, वाळलेल्या पाचोळ्याच्या थरात पाय घालून तो उकरीत जाणे हे त्यांचे जीवन. आपण कोंबडीला गवताचा गालिचा देऊ पाहतो. तिला हवा असतो पालापाचोळा.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. ज्यांच्याजवळ परसाचा लहानसा तुकडाच आहे, त्यांनी कायमच्या हिरवळीचा नाद सोडावा. त्यांनी जमिनीवर वाळलेल्या वनस्पतिजन्य पदार्थांची जाड गादी अंथरावी आणि हिरवा चारा वेगळा वाढवून द्यावा. ज्यांच्याजवळ जागा पुष्कळ आहे त्यांनी गवत अवश्य राखावे. पण ते कसे, हे पुढे पाहू.

ओल हाच खरा शत्रू

कोंबड्यांची पिले साधारण तीन ते सहा आठवड्यांची झाली की त्यांना रक्ती हगवणीचे भय असते. हा रोग अतिसूक्ष्म परजीवींमुळे होतो. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून या परजीवीची अंडी बाहेर पडतात. परंतु पडताक्षणी ती रोग देऊ शकत नाहीत. त्यासाठी त्यांना पक्व व्हावे लागते, आणि पक्व होण्यास ऊब, हवा व ओलावा या तिन्हींची आवश्यकता असते. पावसाळ्यातील आपल्या हवेत ही सगळी तयारी एक-दोन दिवसांत पूर्ण होते. ऊब आणि हवा आपल्या हाती नाही. ओलावा मात्र आहे. जमीन कोरडी राहिली तर यातील पुष्कळशी अंडी पक्व होण्यापूर्वीच वाळून मरतात. फिनेलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण खुराड्याभोवती फिनेल शिंपडून निश्चिंत होणारी मंडळी पुष्कळ आढळतात.

गोल जंतांचीही तीच कथा आहे. त्यांची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांत रोगक्षम होतात आणि ओलसर, सावलीच्या मातीत महिनोन्महिने तग धरतात. कोंबडी माती उकरून टिपते तेव्हा ती पोटात जातात, अंड्यांचे प्रमाण घटते, पक्षी वाळतो आणि मालकाला वाटते की खाद्यच चांगले नाही.

आता पावसाचा हिशेब पाहा. कोकण किंवा मलबारच्या किनाऱ्यावर वर्षाला २५०० मिलिमीटर पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही. आपल्या त्या शंभर चौरस फुटांच्या आवारावर इतका पाऊस पडला तर तो सुमारे २३ हजार लिटर भरतो. या पाण्यापुढे तूस, भुसा, वाळू यांपैकी काहीही टिकणार नाही. तेव्हा जमिनीवर काय अंथरावे हे ठरविण्यापूर्वी दोन कामे करावी लागतात. आवाराच्या निदान निम्म्या भागावर पत्रे, कौले किंवा झावळ्यांचे छप्पर असावे, त्याचे पाणी पन्हळीने दूर न्यावे. आणि आवाराची जमीन आसपासच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करून तिच्या वरच्या अंगाला चर खणावा. हा खर्च एकदाच होतो. तो टाळून पुढे दरवर्षी भुश्याची पोती विकत घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आसामात व ईशान्येकडील इतर प्रदेशांत बांबूच्या खांबांवर उचललेली खुराडी करतात, त्यामागेही हाच जुना शहाणपणा दिसतो.

गादी कशाची करावी

कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत ज्याला गादी पद्धत म्हणतात, तिचा शास्त्रीय पाया अमेरिकेत ओहायो येथील कृषी प्रयोग केंद्रात १९४० नंतरच्या दशकात घातला गेला. तोपर्यंत खुराड्यातील भुसा वारंवार काढून फेकणे हीच स्वच्छता समजली जात असे. केनर्ड व चेंबरलिन या संशोधकांनी तो काढून न टाकता त्यावर नवा थर घालीत राहण्याचा प्रयोग केला, आणि जुन्या गादीवरील पक्षी अधिक निरोगी राहतात असे त्यांना आढळले. याचे कारण असे की कोरड्या, भुसभुशीत गादीत असंख्य जिवाणू वाढतात, ते विष्ठा कुजवितात, आणि त्यांच्या त्या व्यापारात ब-१२ हे जीवनसत्त्वही तयार होते. गादी उकरताना पक्ष्याला ते आयते मिळते. अरण्यातील पाचोळ्याखाली जे निसर्गतः घडते तेच येथे छपराखाली घडते, असे म्हटले तरी चालेल.

मात्र हे घडून येण्यासाठी विष्ठेतील नत्राला जोड म्हणून पुरेसा कर्ब लागतो, आणि तो वाळलेल्या काडीकचऱ्यात असतो. कोणता काडीकचरा घ्यावा याचे एकच उत्तर साऱ्या देशाला लागू पडणार नाही. जे आपल्या गावी स्वस्त, कोरडे आणि बुरशीरहित मिळते तेच चांगले.

भात पिकविणाऱ्या प्रदेशांत, म्हणजे बंगाल, ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, छत्तीसगड आणि आपला कोकण-विदर्भाचा पूर्वभाग येथे, भाताचे तूस हे सर्वांत सोयीचे. भाताच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके तूस गिरणीत निघते, त्यामुळे त्याची ददात नसते. त्यात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही आणि गोळा होऊन बसत नाही. त्याचा दोष इतकाच की ते पाणी फारसे शोषून घेत नाही. त्यात तिसरा हिस्सा लाकडाचा भुसा किंवा चुरलेला पालापाचोळा मिसळला की तो दोष जातो.

लाकडाचा भुसा घेताना थोडी चौकशी करावी. करवतीच्या अगदी बारीक पिठापेक्षा रंध्याच्या सालपटांना प्राधान्य द्यावे. पीठ पिले खाद्य समजून खातात व त्याची धूळ त्यांच्या श्वासात जाते. प्लायवूडचा किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध दिलेल्या लाकडाचा भुसा फुकट मिळाला तरी आणू नये. त्यातील औषध पक्ष्याच्या पोटात आणि पुढे अंड्यात उतरू शकते.

केरळ व कोकणात सोडणाचा काथ्या काढल्यावर उरणारा तपकिरी भुसा ढिगांनी पडलेला असतो. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. छपराखाली हा गुण आहे, उघड्यावर हाच दुर्गुण ठरतो. कारण पावसात तो स्पंजासारखा भिजतो आणि आठवडाभर वाळत नाही. पंजाब-हरियाणात गव्हाचा भुसा मिळतो, पण लांब काड असेल तर ते दोन बोटांएवढे कापून घ्यावे, नाहीतर त्याच्या चटया बनतात व खाली ओल कोंडून राहते. उसाच्या पट्ट्यात पाचट कापून वापरता येते. भुईमुगाची टरफले आणि उसाची चिपाडे मात्र मी सावधपणेच सुचवीन. ती ओली झाली की त्यांना बुरशी फार लवकर धरते, आणि बुरशीची धूळ पिलांच्या फुप्फुसांत गेली म्हणजे त्यावर औषध नाही. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात चीडाच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, जनावरांखाली अंथरण्याची रीत जुनीच आहे. या सुयांतून पाणी चटकन निथळते. शिवाय उन्हाळ्यात वणवा भडकविणारे हेच इंधन अरण्यातून तेवढे कमी होते, हा वेगळाच लाभ.

आणि ज्यांना यांतले काहीच विकत घ्यायचे नाही, त्यांच्यासाठी आंबा, फणस, साग, वड, पिंपळ यांचा पाचोळा आहेच. माघ-फाल्गुनात तो गोळा करून, कडकडीत वाळवून, पोत्यांत भरून ठेवला तर पावसाळाभर पुरतो. शहरांतून हाच पाचोळा रोज सकाळी जाळला जातो हे पाहून खेद वाटतो.

वाळूविषयी अनेकजण विचारतात. जाडसर, धुतलेली नदीची वाळू निचऱ्यास उत्तम, तिच्यावरची विष्ठा चाळून उचलता येते, हे खरे. परंतु ती कुजण्याच्या कामात काही हातभार लावीत नाही, वैशाख-ज्येष्ठात पाय भाजण्याइतकी तापते, आणि वाळूची किंमत आता घर बांधणाऱ्यालाही जड जाते. समुद्राची खारट वाळू तर नकोच. फोडलेल्या दगडाची धारदार खडीही नको. तिने कोंबडीच्या तळव्याला जखम होते, त्यात पू धरून गाठ होते आणि पक्षी लंगडू लागतो. सिमेंटचा कोबा धुण्यास सोपा, पण त्यावर गादी नसेल तर तोही पायांना घातकच.

गादी घालण्याची वेळ महत्त्वाची आहे. ती पावसाच्या तोंडावर घालू नये. आतील जिवाणूंचे काम नीट सुरू होण्यास दोन महिने तरी लागतात, म्हणून फाल्गुन-चैत्रात आरंभ करावा. मोठ्या पक्ष्यांसाठी प्रथम सहा इंचांचा थर घालावा व हळूहळू भर टाकीत तो आठ ते बारा इंचांपर्यंत न्यावा. लहान पिलांना दोन-तीन इंच पुरतात. पिलांखाली पहिले काही दिवस कागद अंथरण्याची पद्धत आहे. परंतु गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात व कायमचे अधू होतात, म्हणून कागद खडबडीत असावा किंवा त्याऐवजी गोणपाट घालावे.

आठवड्यातून दोनदा गादी दाताळ्याने वरखाली करावी. हे काम कोंबड्यांकडूनच करून घेण्याची युक्ती म्हणजे संध्याकाळी मूठभर बाजरी, नाचणी किंवा गहू गादीवर उधळणे. दाणा शोधता शोधता त्या सारा थर उलथून टाकतात, आणि आपल्याला बसल्या जागी मजूर मिळतात.

गादी ठीक आहे की नाही हे ओळखण्यास यंत्र नको. मूठभर उचलून दाबावी. मूठ उघडल्यावर ती किंचित जमल्यासारखी दिसून लगेच सुटली तर ओलावा योग्य. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. मुळीच जमली नाही आणि धूळ उडाली तर ती फार कोरडी झाली आहे, थोडे पाणी शिंपडावे. दुसरी परीक्षा नाकाची. मात्र ती उभ्याने घेऊ नये. खाली बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा. अमोनियाचा उग्र दर्प जमिनीलगत अधिक असतो, आणि हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २५ भाग झाले की पक्ष्यांचे डोळे व श्वासनलिका बिघडू लागतात. आपले डोळे चुरचुरले तर पक्ष्यांना त्रास पूर्वीच सुरू झालेला असतो.

असा वास आल्यास पुष्कळजण गादीवर चुना टाकतात. हा समज इतका पसरलेला आहे की त्याविषयी थांबून सांगणे जरूर आहे. चुन्याने विष्ठेतील अमोनिया कोंडला जात नाही, उलट तो आणखी बाहेर पडतो. शिवाय ओल्या चुन्याने पाय भाजतात. चुन्याची जागा निराळी आहे. सगळी गादी काढून जमीन मोकळी केली, पक्षी दुसरीकडे हलविले, म्हणजे मोकळ्या जमिनीवर बुझलेला चुना मारावा आणि ती वाळू द्यावी. ओल्या गादीवर उपाय एकच: ओला भाग खोऱ्याने काढून टाकणे, तेथे कोरडा घालणे, आणि ओल कोठून येते ते शोधणे. दहांपैकी आठ वेळा ती पाण्याच्या भांड्याभोवतीच सापडते. भांडे विटांच्या ओट्यावर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवले की सांडलवंड बरीच थांबते.

ज्यांच्याजवळ जागा आहे

गवत राखायचे तर जागा किती हवी? युरोपात मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीचे अंडे म्हणून विकण्यासाठी दर पक्ष्यामागे बाहेर निदान चार चौरस मीटर, म्हणजे ४३ चौरस फूट, जागा असावी असा नियम आहे. गवत खरोखरच टिकवायचे असेल तर आपल्या उन्हाळ्यात हेही अपुरे पडते. म्हणून जागेचे दोन किंवा तीन भाग पाडावेत, मध्ये हलविता येईल अशी जाळी असावी, आणि एका वेळी एकच भाग उघडावा. गवत चार बोटे उरले की पक्षी पुढच्या भागात न्यावेत. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांच्या विश्रांतीने हरळी पुन्हा भरते. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पाणी देऊनही त्याच्या दुप्पट वेळ लागतो. ही विश्रांती गवताला पुरते, जंतांच्या अंड्यांना नाही, हे विसरू नये; जंतांचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्यावेच लागते.

गवतांत आपली हरळीच श्रेष्ठ. हिंदीत तिला दूब आणि तमिळमध्ये अरुगम्पुल् म्हणतात. देशाच्या बहुतेक भागांत ती आपोआप येते. मृग-आर्द्रा नक्षत्रांत तिचे गाठी असलेले तुकडे वीतभर अंतरावर लावावेत आणि जमीन झाकली जाईपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, तिकडे एकही कोंबडी जाऊ देऊ नये. दाट सावलीत ती वाढत नाही. तेथे गवताचा हट्ट धरण्यापेक्षा पाचोळाच टाकावा.

गवत उंच वाढू देऊ नये. लांब, चिवट पात्यांचा गोळा कोंबडीच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत अडकतो, शिवाय मुंगूस, घूस आणि साप यांना त्यात लपण फुकट मिळते. कुंपणाच्या बाहेरून तीन फुटांची पट्टी नेहमी खुरपून स्वच्छ ठेवावी. तिच्या पलीकडे कण्हेर, धोतरा, घाणेरी, गुंज, एरंड यांपैकी काही असेल तर तेही काढून टाकावे. कोंबड्या सहसा विषारी पाला टाळतात, परंतु कोंडलेल्या व कंटाळलेल्या पक्ष्याचा भरवसा धरता येत नाही.

ज्यांना लहान जागेतच थोडी हिरवळ हवी आहे त्यांच्यासाठी एक साधी योजना आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार-पाच इंच उंच अशी लाकडी चौकट करून तिच्यावर भक्कम जाळी ठोकावी आणि ती हरळीवर, पालकावर किंवा लसूणघासावर ठेवून द्यावी. जाळीच्या वर येणारे शेंडे कोंबड्या खातात. खालचे मूळ त्यांच्या नखांच्या आवाक्याबाहेर राहते. अशा दोन-तीन चौकटी आवारात असल्या म्हणजे रोज मूठभर हिरवे मिळत राहते आणि अंड्यातील बलकाचा रंगही खुलतो.

आवारात झाड अवश्य असावे. शेवगा, हादगा, पपई, तुती यांपैकी कोणतेही चालेल. अंजीर वा पेरूही चालेल. बुंध्याभोवती मोठे दगड रचावेत, नाहीतर मुळे उघडी पडतात. झाडाच्या सावलीत एक कोरडा खड्डा करून त्यात चाळलेली माती व चुलीची थंड राख घालावी. कोंबड्या तेथे लोळतात आणि पिसांतील उवा-गोचिडांपासून बऱ्याच प्रमाणात मोकळ्या होतात. राजस्थानात वा मराठवाड्यात, जेथे पावसापेक्षा उन्हाचे भय मोठे, तेथे ही सावली गादीइतकीच आवश्यक समजावी.

जमिनीच्या आधीच्या इतिहासाकडेही लक्ष द्यावे. त्या जागी पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त होत असतील, जुना रंग खरवडला जात असेल किंवा प्लॅस्टिक जाळले जात असेल, तर त्या मातीतील शिसे व इतर विषे कोंबडीच्या वाटे अंड्यात येतात आणि ते अंडे आपलीच मुले खातात. अशा जागी गादी कितीही जाड असली तरी पक्षी पाळू नयेत. तसेच गादीने सर्वच रोग टळतात असे कोणी समजू नये. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, हवेतून आणि संसर्गाने येतो. त्यावर लसच हवी. पिलांना पहिला डोस पहिल्याच आठवड्यात द्यावयाचा असतो व पुढचे डोस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळच्या वेळी घ्यावे लागतात. गादी हलविणाऱ्याने नाकाला फडके बांधावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मुलांनाही ही सवय लावावी.

वर्षभराने, पावसाळा येण्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत, ही गादी काढावी. तोपर्यंत ती काळसर व भुसभुशीत झालेली असते आणि तिला मातीसारखा वास येतो. तिच्यात सुमारे ३ टक्के नत्र असते, म्हणजे ती साध्या शेणखतापेक्षा कितीतरी कसदार असते. ती ताजीच वांग्या-टोमॅटोच्या वाफ्यात घालू नये, रोपे करपतात. सावलीत ढीग करून, किंचित ओलावा देऊन, वर पाला झाकून दोन-तीन महिने ठेवावी आणि मग नारळ, केळी किंवा लिंबाच्या आळ्यात प्रत्येकी एक-दोन घमेली घालावी. कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ती पूर्ण कुजल्याशिवाय मुळीच देऊ नये. जुन्या गादीतील दोन-तीन पाट्या मात्र बाजूला ठेवाव्यात, आणि नवे तूस अंथरल्यावर त्यात मिसळाव्यात. विरजणाने जसे दूध लागते तशी नवी गादी त्याने लवकर लागते. मागील वर्षी त्या आवारात रक्ती हगवण झाली असेल तर हे विरजण वापरू नये, सगळेच नव्याने घालावे.